सामायिक समुद्र, शेजारी देश आणि सहकार्याचं काम : नव्यानं येणाऱ्यांसाठी

या क्षेत्रात येणाऱ्या बहुतेकांची समजूत असते की आधी सागरी सीमा ठरते, मग विश्वास बसतो आणि त्यानंतर सहकार्य सुरू होतं. प्रत्यक्षात क्रम पुष्कळदा उलटा असतो. कॅस्पियनकाठच्या पाच देशांनी पर्यावरणाचा तेहरान करार २००३ मध्ये केला आणि तो २००६ मध्ये लागूही झाला. त्या समुद्राचा कायदेशीर दर्जा सांगणारा अक्ताऊ करार व्हायला २०१८ उजाडलं. बाल्टिकचा हेलसिंकी करार १९७४ चा, म्हणजे ऐन शीतयुद्धातला, आणि त्यावर दोन्ही गटांतल्या देशांच्या सह्या आहेत. म्हणून सीमावाद तसाच असताना रोजचं काम कसं चालवायचं, हे आधी शिका. बाकीचं त्यामागून येतं.

अभ्यासाची सुरुवात संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारापासून करा. त्यात ३२० कलमं आणि ९ परिशिष्टं आहेत. पहिल्या पानापासून वाचत गेलात तर मध्येच दमाल. आधी कलम १२२ आणि १२३ वाचा, कारण बंदिस्त आणि अर्धबंदिस्त समुद्राकाठच्या देशांनी मासे, प्रदूषण आणि संशोधन यांत एकमेकांशी सहकार्य करावं हे तिथं सांगितलं आहे. मग कलम ७४ आणि ८३ यांचा तिसरा परिच्छेद : सीमा ठरेपर्यंत व्यवहार्य तात्पुरती व्यवस्था करण्याचा प्रयत्न करा, आणि त्या व्यवस्थेनं अंतिम सीमेला बाध येणार नाही. त्यानंतर मासेमारीच्या अटकेचं ७३, मदतीच्या कर्तव्याचं ९८, आणि देशांना सक्तीच्या निवाड्यातून काही वाद बाहेर ठेवू देणारं २९८. देशांच्या कुठल्याही जोडीवर काम करण्याआधी दोन्ही देश करारात आहेत का आणि त्यांनी २९८ खाली काय जाहीर केलं आहे, हे तपासा. तुर्कस्ताननं हा करार स्वीकारलेला नाही. इराणनं सही केली, पण अनुसमर्थन दिलेलं नाही. हे न पाहता लिहिलेलं टिपण पहिल्याच बैठकीत निकामी होतं.

तात्पुरत्या व्यवस्थेचा सगळ्यात चांगला धडा बॅरेन्ट्स समुद्रात मिळतो. नॉर्वे आणि रशिया यांच्यातला सीमावाद २०१० च्या करारापर्यंत चार दशकं चालला. तरीही त्यांचा संयुक्त मत्स्य आयोग १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दरवर्षी कॉड माशाचा कोटा ठरवत आला. दोघांचे शास्त्रज्ञ आधी साठ्याच्या अंदाजावर एकमत करतात, मग वाटणी होते. अवघड ठरले ते तांत्रिक नियम. जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकाचा, किमान आकार नॉर्वेकडे १३५ मिलिमीटर आणि रशियाकडे १२५. पकडायच्या कॉडची किमान लांबी एकीकडे ४७ सेंटिमीटर, दुसरीकडे ४२. एकाच साठ्यावर दोन नियम असले की एका बाजूला कायदेशीर असलेली पकड दुसऱ्या बाजूला गुन्हा ठरते. २०११ पासून हे आकडे १३० मिलिमीटर आणि ४४ सेंटिमीटर असे एक झाले. कोणत्याही मत्स्य कार्यगटात गेलात की पहिल्या आठवड्यात दोन्ही देशांच्या नियमांचा असा तक्ता समोरासमोर मांडा : आस, किमान लांबी, बंदीचा काळ, बोटीची कमाल लांबी, दंड. वादाची निम्मी कारणं त्यातच दिसतात.

तात्पुरत्या व्यवस्थेच्या मसुद्यात चार गोष्टी नेमक्या हव्यात : कोणतं क्षेत्र, किती काळ, बाहेर कसं पडायचं, आणि या काळातली कोणतीही कृती वा कागद पुढे सीमेच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येणार नाही हे कलम. नवखे लोक हे शेवटचं कलम ठरावीक भाषा समजून घाईत उरकतात. पण त्या कलमामुळेच समोरच्या देशाचा अधिकारी मायदेशी टीका ओढवून न घेता सही करू शकतो, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्या.

अटकेतल्या मच्छीमारांचं काम अनेकांच्या वाट्याला लवकर येतं, आणि ते मनापासून करायला हवं, कारण त्यात माणसांचे महिने वाया जात असतात. पहिला प्रश्न : बोट पकडली तेव्हा नेमकी कुठं होती? १२ सागरी मैलांच्या आत, म्हणजे प्रादेशिक समुद्रात, किनारी देशाचे फौजदारी कायदे लागू होतात. त्यापलीकडे २०० मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात कलम ७३ लागतं : वाजवी हमी घेऊन बोट आणि खलाशी लवकर सोडायचे, संबंधित देशांचा वेगळा करार नसेल तर मासेमारीच्या गुन्ह्याला कैद नाही, आणि ध्वजदेशाला, म्हणजे बोट जिथं नोंदलेली आहे त्या देशाला, ताबडतोब कळवायचं. म्हणून स्थान, वेळ आणि ते कोणत्या उपकरणानं नोंदलं, ही माहिती आधी मागवा. मग खलाशांची नावं, कागदपत्रं आणि दूतावासाला भेटीची परवानगी. बोटीचं काय झालं हेही त्याच दिवशी विचारा. माणसं सुटतात, पण धक्क्यावर पडून कुजलेली बोट कुटुंबाला पुढची कितीतरी वर्षं भोवते.

लहान बोटी यंत्रणेला दिसत नाहीत, हे इथं लक्षात ठेवा. जहाजाची ओळख आणि स्थान आपोआप सांगणारी एआयएस प्रणाली आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना आणि सर्व प्रवासी जहाजांना बंधनकारक आहे. बहुतेक लहान मासेमारी बोटी त्या मर्यादेच्या कितीतरी खाली असतात. पडदा रिकामा दिसला म्हणजे समुद्र रिकामा आहे, असं समजून आखलेली गस्त फसते.

शोध आणि बचावात सहकार्य तुलनेनं लवकर जमतं. १९७९ चा शोध-बचाव करारच सांगतो की बचावाच्या विभागांची आखणी सागरी सीमांशी जोडलेली नाही. अडचणी येतात त्या हाताळणीत. आणीबाणीचा दूरध्वनी क्रमांक एखाद्या अधिकाऱ्याच्या नावावर असतो आणि बदली झाली की तो बंद पडतो. क्रमांक कायम केंद्राचाच ठेवा आणि रात्रीच्या पाळीतही, आधी न सांगता, तपासा. वेळ नेहमी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहा. स्थानाची पद्धत आधी ठरवा : ३०.५ मिनिटं अक्षांश कुणी ३० मिनिटं ५० सेकंद असा वाचला, तर बोट ६१७ मीटर दूर शोधली जाते. रात्री, लाटांत, पाण्यातल्या माणसासाठी हे अंतर फार मोठं आहे. सराव टप्प्यांनी करा : आधी फक्त संदेशांचा, मग टेबलाभोवती बसून कल्पित प्रसंगावरचा, आणि ते दोन्ही नीट झाल्यावरच जहाजांसह.

गस्तीत मलाक्का सामुद्रधुनीचा नमुना पाहा. इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर २००४ पासून एकाच वेळी, ठरलेल्या वेळापत्रकानं गस्त घालतात, पण प्रत्येकाचं जहाज आपापल्या पाण्यात राहतं. सार्वभौमत्वाचा प्रश्न बाजूला ठेवून चाच्यांना अडवता येतं ते यामुळेच.

बैठकीच्या कामात इतिवृत्त त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून नक्की करा; दुसऱ्या दिवसावर ढकललं की प्रत्येकाची आठवण वेगळी होते. ज्या मजकुरावर सहमती नाही तो चौकटी कंसात तसाच राहू द्या. वादग्रस्त बेटांच्या नावांऐवजी अक्षांश-रेखांश लिहा, आणि सोबतच्या नकाशावर सीमारेषाच छापू नका. जुने चार्ट वापरत असाल तर ते कोणत्या भूमापन आधारावर काढले आहेत ते पाहा. उपग्रहावरून स्थान काढताना वापरतात त्या डब्ल्यूजीएस-८४ या आधाराशी न जुळणारा चार्ट रेषा शेकडो मीटर सरकवू शकतो.

प्रवेशाच्या वाटा अनेक आहेत. कायद्याच्या पदवीधरांसाठी माल्टातली आंतरराष्ट्रीय सागरी विधी संस्था, प्रशासन आणि सुरक्षेसाठी स्वीडनमधल्या माल्मोचं जागतिक सागरी विद्यापीठ. दोन्ही आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं स्थापलेली आहेत. हॅम्बुर्गचं सागरी कायदा न्यायाधिकरण इंटर्न घेतं. सर्वेक्षणाची आवड असेल तर मान्यताप्राप्त श्रेणी अ किंवा ब जलआलेखन (समुद्र आणि किनाऱ्याचं मोजमाप) अभ्यासक्रम करा. सीमेच्या वाटाघाटीत आधाररेषा, म्हणजे जिथून सागरी अंतरं मोजतात ती किनाऱ्याची रेषा, स्वतः काढू शकणारा माणूस हवाच असतो आणि असे लोक कमी आहेत. मत्स्यशास्त्र आणि समुद्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी साठ्याच्या अंदाजाचं संख्याशास्त्र पक्कं करावं. आणि कोणत्याही वाटेनं आलात तरी समोरच्या देशाची भाषा शिका, निदान रेडिओवरचा संदेश दुभाष्याविना समजेल इतकी. पहिल्या नोकरीत निवड करता आली तर एखाद्या सामायिक समुद्राच्या कराराच्या सचिवालयातलं मसुदा आणि इतिवृत्ताचं काम घ्या. कोणता देश कुठं अडतो आणि कशानं पुढं सरकतो, हे तिथं सगळ्यात जवळून दिसतं.