जागेबद्दलचा लेख वाचून लिहावंसं वाटतं, तेव्हा काय करायचं

एखाद्या जागेवरचा जबरदस्त ललित लेख वाचून झाला की हात शिवशिवायला लागतात, आपणही लिहावं असं वाटतं, आणि ही खुमखुमी फार वेळ टिकत नाही, म्हणून लेख संपला की लगेच मोबाइल हातात घेऊ नका, वही घ्या आणि पंधरा मिनिटं लिहा. त्या लेखातल्या जागेबद्दल नाही बरं का! ती लेखकानं बघितलीय, तुम्ही नाही. तुमच्या रोजच्या बघण्यातलं काहीही घ्या, जिना, बसस्टॉप, ऑफिसची खिडकी.

दुसऱ्या दिवशी तोच लेख परत वाचा, आता पेन्सिल घेऊन. लेखक नेमका कुठे उभाय, दिवसाची वेळ कुठली, डोळ्यांशिवाय कान, नाक, पायाखालची जमीन वापरलीय का, हे बघा. विशेषणांखाली रेघ मारा, क्रियापदांना गोल करा. चांगल्या लेखात बहुतेकदा गोलच जास्त निघतात. रम्य, विलोभनीय, उदास हे शब्द कुठल्याही जागेला चिकटवता येतात आणि म्हणूनच ते कुठलीच जागा दाखवत नाहीत. 'जुना उदास जिना' लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर काय येणार? त्याऐवजी 'कठडा फक्त वळणावर गुळगुळीत झालाय, बाकी सगळा खडबडीत, कारण वळताना प्रत्येकजण तिथेच हात टेकतो' असं लिहा, यात जिन्याचं वयही आलं आणि इतक्या वर्षांत वरखाली केलेली माणसंही आली.

असं बघायची सवय लावावी लागते. जॉर्ज पेरेक नावाचा फ्रेंच लेखक ऑक्टोबर १९७४ मध्ये तीन दिवस पॅरिसच्या एका चौकात बसला आणि ज्याकडे कोणी ढुंकून बघत नाही तेच टिपत राहिला, बसचे नंबर, कबुतरं, येणारी-जाणारी माणसं. तुम्ही अर्धा तास बसा, पुरे. पहिली दहा मिनिटं कंटाळा येतो, खरं दिसायला लागतं ते त्यानंतर.

आणि दुसऱ्याचं वाचून लिहावंसं वाटलं म्हणून कमीपणा अजिबात वाटून घेऊ नका. जपानी कवी बाशो १६८९ साली उत्तरेकडे पायी निघाला तो जुन्या कवींनी, विशेषतः त्याच्या लाडक्या सायग्योनं, ज्या जागांवर लिहिलं होतं त्या बघायलाच. परत आल्यावर त्या प्रवासावर लिहिलेला मजकूर त्यानं कितीतरी वर्षं घासला. सोबत गेलेल्या सोराची डायरी १९४३ मध्ये छापली गेली तेव्हा कळलं की बाशोनं बऱ्याच गोष्टी बदलल्यात. मी यातून एवढंच घेते की नोंदी जशाच्या तशा ठेवायच्या, पण लेखात काय आधी येणार, काय नंतर आणि काय गाळायचं हे आपण ठरवायचं.

एक अडचण मात्र येतेच, आवडत्या लेखकाचा सूर आपल्या वाक्यात घुसतो. पहिल्या खर्ड्यात घुसू दे. नंतर मोठ्यानं वाचा, जे वाक्य तुम्ही बोलताना कधीच म्हणणार नाही ते काढा. तरी सूर जात नसेल तर तशाच जागेवरचा अगदी वेगळ्या लेखकाचा लेख वाचा, पहिल्याची पकड आपोआप सैल होते.

मध्येच अडलात तर लेखाकडे नका जाऊ, जागेकडे जा, आणि वेळ बदलून जा, सकाळी गेला असाल तर रात्री. मागच्या वेळी दिसलं नव्हतं असं काही सापडलं की पुढचा परिच्छेद तिथूनच सुरू करा.