अंगावर पिणाऱ्या बाळाचं वजन: कसं मोजायचं, वाढत नसेल तर काय करायचं

पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन घटतंच, त्याने घाबरू नका. 2800 ग्रॅमचं बाळ 2600 वर आलं तर चालतं. घट दहा टक्क्यांवर गेली, म्हणजे काटा 2520 च्या खाली उतरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून यायला हवं. पुढे तीन महिन्यांपर्यंत रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढ.

वजन दर वेळी त्याच काट्यावर, बाळाला पूर्ण उघडं करून घ्या. ओलं लंगोट आणि दुपट्यामुळे आकडा फसवतो. आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात, तेव्हा वजन कार्डावर लिहून घ्या. रोज मोजून जिवाला घोर लावून घेऊ नका.

वजन वाढेना की घरात कोणीतरी म्हणतंच, 'हिला दूध पुरत नाही.' बऱ्याचदा दूध असतं, पण बाळाने नीट धरलेलं नसतं. म्हणून आधी पकड पाहा. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, कान, खांदा, कंबर एका रेषेत. बोंड वरच्या ओठाला लावा. बाळाने मोठा 'आ' केला की त्याला जवळ ओढा, आईने वाकायचं नाही. हनुवटी स्तनात रुतलेली आणि खालचा ओठ बाहेर उलटलेला दिसला पाहिजे. नुसतं बोंड तोंडात असेल तर चिरा पडतात आणि दूधही कमी येतं. अशा वेळी तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवा, पुन्हा लावा. मग कान द्या: एक-दोनदा ओढलं की गिळल्याचा बारीक आवाज यायला हवा. आवाज थांबला आणि ओठ नुसते फडफडू लागले, तर स्तन हलकेच दाबून धरा. बाळ पुन्हा गिळू लागतं.

चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजा, रात्रीही. वजन भरून येईपर्यंत तीन तासांहून जास्त झोपू देऊ नका. दुपटं सोडा, तळपाय चोळा. घड्याळ लावून बाजू बदलू नका, शेवटचं दूध जास्त स्निग्ध असतं. मध, गुटी, पाणी नको: इवलंसं पोट त्यानेच भरतं, बाळ कमी ओढतं, मग दूधही कमी तयार होतं.

पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा वेळा शू आणि पिवळी शी होत असेल तर दूध पोटात जातंय. शू कमी किंवा गडद, बाळ मलूल, पाजायलाही उठत नाही, तळपायापर्यंत पिवळेपणा, ताप: यातलं एकही दिसलं तर पुढच्या वजनाची वाट न पाहता दवाखाना गाठा. डॉक्टरांनी वरून द्यायला सांगितलं, तर आधी आईचंच काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजा.