चॅट जतन व्हावी की नाही, हे वापरणाऱ्याच्या हाती कसं द्यावं

तुमच्या ॲपमधल्या एआय सहायकाला ‘प्रायव्हसी’ नावाचं एकच बटण द्या, असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. त्या एका बटणात तीन निर्णय कोंबलेले असतात: जुन्या चॅट यादीत दिसाव्यात का, त्यातली माझी माहिती सहायकाने पुढच्या चॅटसाठी लक्षात ठेवावी का, आणि हा मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरला तर चालेल का. तिन्हींना वेगळी बटणं द्या. प्रशिक्षणाचं बटण मुळात बंदच असावं. प्रशिक्षणात गेलेला मजकूर मॉडेलमधून वेचून काढता येत नाही. बटण नंतर बंद केलं तर ते फक्त पुढच्या चॅटना लागू होतं. हे बटणाशेजारीच लिहा.

तात्पुरत्या, म्हणजे जतन न होणाऱ्या चॅटची निवड पहिला संदेश जाण्याआधी होऊ द्या, आणि ती ब्राउझरमध्ये न ठेवता सर्व्हरवर नोंदवा. अशी चॅट रेडिसमध्ये (मेमरीत चालणारा डेटाबेस) मुदत घालून ठेवणार असाल, तर आरडीबी आणि एओएफ, म्हणजे डेटा डिस्कवर लिहून ठेवण्याच्या त्याच्या दोन्ही सोयी, बंद आहेत ना ते बघा. नाहीतर ‘तात्पुरता’ मजकूर मुकाट्याने डिस्कवर उतरतो.

चॅट उतरवून घेण्याची सोय: जेसॉन (प्रोग्रामला सहज वाचता येणारा साचा) आणि साधा मजकूर, दोन्ही. विषय संपला.

खरी गोची आहे ती ‘हटवा’ या बटणात. डेटाबेसमध्ये ‘हटवलेली’ अशी खूण करून चॅट यादीतून गायब करणं म्हणजे हटवणं नव्हे, ते लपवणं. चुकून दाबलं गेलं तर परत आणता यावी म्हणून ही खूण फार तर सात दिवस ठेवा, आणि तसं सांगा. त्यानंतर खरोखर पुसा.

पुसायचं कुठून? संदेशांचा तक्ता हे फक्त एक ठिकाण. आपोआप बनलेलं शीर्षक, जोडलेल्या फाइली, शोधासाठीची अनुक्रमणिका, एम्बेडिंग (मजकुराच्या अर्थाचं आकड्यांतलं रूप), चॅटमधून टिपलेल्या ‘आठवणी’, शेअर केलेल्या लिंक, सर्व्हरचे लॉग, बिघाड नोंदवणारी सेवा, बॅकअप, असा पसारा असतो. लॉगमध्ये संदेशाचा मजकूर मुळात जाऊच देऊ नका. तिथून मागाहून एकेक ओळ शोधून काढणं कोणी करत नाही.

क्रम महत्त्वाचा. चॅटची मूळ नोंद सगळ्यात शेवटी पुसा. ती आधी गेली आणि काम मध्येच अडलं, तर कोणती फाइल कोणत्या चॅटची हे सांगणारं काहीच उरत नाही, आणि त्या फाइली बेवारस पडून राहतात. हे काम अर्ध्यावर थांबलं तरी पुन्हा चालवता आलं पाहिजे. आणखी एक सापळा: उत्तर येत असतानाच चॅट हटवली, तर मागाहून पोहोचलेलं उत्तर तीच नोंद पुन्हा तयार करतं. म्हणून आधी उत्तर थांबवा, आणि लिहिण्यापूर्वी चॅट अजून आहे का हे तपासा.

बॅकअपमधून एकच चॅट काढणं जवळजवळ अशक्य. त्यावर उपाय असा: प्रत्येक चॅट स्वतंत्र किल्लीने कूटबद्ध करा आणि हटवताना किल्ली नष्ट करा. किल्ल्या त्याच बॅकअपमध्ये ठेवल्या तर सगळा खटाटोप फुकट. हे झेपत नसेल, तर हटवलेल्या चॅटच्या क्रमांकांची यादी वेगळी ठेवा आणि बॅकअप परत चढवला की लगेच तिच्यानुसार पुन्हा पुसा.

मॉडेल बाहेरच्या कंपनीचं असेल, तर तिच्याकडचीही प्रत हिशेबात धरा. ओपनएआयच्या रिस्पॉन्सेस एपीआयमध्ये (ॲपने मॉडेलला विनंती पाठवण्याचा मार्ग) ‘स्टोअर’ हा उत्तर त्यांच्याकडे साठवण्याचा पर्याय तुम्ही काही न सांगता चालू असतो. तो बंद करून विनंती पाठवा. तरीही गैरवापर तपासण्यासाठीच्या नोंदी तिथे सहसा ३० दिवसांपर्यंत राहू शकतात. म्हणून ‘लगेच आणि कायमचं हटवलं’ असं पडद्यावर लिहू नका. किती दिवसांत कुठून जाईल ते आकड्यात लिहा.

शेवटी चाचणी. ‘जांभळाहत्ती७३९१’सारखा दुसरीकडे कुठेच नसणारा शब्द चॅटमध्ये, फाइलच्या नावात आणि फाइलच्या आतही टाका, चॅट हटवा, मुदत उलटली की तोच शब्द डेटाबेस, लॉग, अनुक्रमणिका आणि फाइलींच्या साठ्यात शोधा. एम्बेडिंगमध्ये शब्द सापडत नाही, तिथे चॅटचा क्रमांक शोधावा लागतो.