गुप्तांगावर गाठ दिसल्यास काय करावे

गुप्तांगावर अचानक फोड किंवा गाठ दिसली की मनात पहिली शंका लैंगिक आजाराचीच येते; परंतु कोकणातील दमट हवेत, घामाने ओलसर राहणाऱ्या घट्ट कपड्यांमुळे किंवा वस्तरा फिरवल्यामुळे केसांच्या मुळाशी आलेली पुळीही तशीच दिसू शकते. म्हणून प्रथम स्वच्छ उजेडात नीट पाहावे. पाणी भरलेल्या बारीक, झोंबणाऱ्या फोडांचा पुंजका नागिणीच्या वर्गातील हर्पिसचा असू शकतो, फुलकोबीसारखी खरबरीत वाढ चामखिळीची असू शकते, तर मध्ये खळगा असलेली मोत्यासारखी पुळी मोलस्कम या विषाणूजन्य त्वचारोगाची असू शकते. सर्वांत फसवी सिफिलिस या लैंगिक आजाराची जखम: ती बहुधा संबंधानंतर सुमारे 3 आठवड्यांनी येते, दुखत नाही, उपचाराविना भरूनही येते आणि आजार मात्र शरीरात राहतो. त्यामुळे न दुखणाऱ्या जखमेकडे तर मुळीच दुर्लक्ष करू नये.

गाठ फोडू नये. चुना, पाला किंवा दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइडचे मलम लावू नये, कारण त्याने खूण पुसट होऊन निदान अवघड होते. गावातल्या दवाखान्यात ओळखीचे कोणी भेटेल हा संकोच मी समजू शकतो. अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जावे, अथवा 1097 या एचआयव्ही-एड्सच्या निःशुल्क राष्ट्रीय मदतक्रमांकावर आधी विचारावे. सिफिलिस व एचआयव्हीची रक्ततपासणी करून घ्यावी आणि अलीकडे संबंध आला असल्यास ती 3 महिन्यांनी पुन्हा करावी. निदान होईपर्यंत संबंध टाळावा. संसर्ग निघाल्यास जोडीदाराचीही तपासणी व्हायला हवी.