या चुका टाळा: थंडीतली बाग आणि नको तेवढं पाणी

थंडी पडली की माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी येते. पानं पिवळी पडलीत, गळतायत, कोणतं खत घालू? खत राहू द्या, पाणी किती घालता ते आधी सांगा. "नेहमीसारखं, रोज." तिथंच घोडं पेंड खातं.

थंडीत दिवस लहान, ऊन तिरपं. पानांतून वाफ कमी निघते आणि गार मातीत मुळंही मंदावतात. आपण मात्र उन्हाळ्याच्याच मापाने तांब्या रिकामा करतो. मग ते पाणी मातीतल्या बारीक पोकळ्यांत बसून राहतं आणि तिथली हवा जाते. मुळांना श्वासाला हवा लागते. ओल आणि हवा दोन्ही असलेल्या जमिनीला शेतकरी वाफसा म्हणतात. कुंडीलाही वाफसाच हवा असतो, चिखल नको असतो.

माझ्या मावसबहिणीकडे सात वर्षांची जास्वंद होती. थंडीच्या सुरुवातीला तिने माना टाकल्या. बहिणीला वाटलं तहान लागलीय, तिने पाणी दुप्पट केलं. आठवड्याने पानं पिवळी झाली, म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून मूठभर रासायनिक खत टाकलं. मी गेले तेव्हा कुंडीखालची ताटली काठोकाठ भरलेली होती. झाड उपसलं तर आंबूस, कुजका वास. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची तपकिरी साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा उरला. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे पाण्यात उभं असलेलं झाड तहानल्यासारखं दिसतं. सगळी फसगत इथंच होते. ती जास्वंद वाचली नाही. वरच्या हिरव्या फांद्यांच्या काड्या लावल्या, त्यातल्या दोन जगल्या.

माझी सवय साधी आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं. माती बोटाला चिकटली तर त्या दिवशी पाणी नाही. लहान कुंडी उचलून बघायची, वजन हाताला कळतं. पाणी सकाळीच घालायचं आणि ताटलीत उरलेलं ओतून टाकायचं. ओल मोजायच्या स्वस्त सळ्यांवर माझा विश्वास नाही. मातीत खताचे क्षार असले की त्या भलताच आकडा दाखवतात. बोट घाण होईल म्हणून यंत्र घेणाऱ्यांनी बागेच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विश्रांतीतल्या झाडाला नत्राचं खत घालू नका. कोवळा फुटवा येतो आणि पहिल्या कडाक्यात काळा पडतो. हंगामी फुलं आणि पालेभाज्या मात्र थंडीतही वाढत असतात, त्यांना खुराक द्या.

थंडीने करपलेली फांदी लगेच छाटू नका. ती आतल्या जिवंत डोळ्यांवर पांघरुणाचं काम करते. ऊब परतली की नखाने साल खरवडून बघा. खाली हिरवं दिसलं तर कात्री बाजूला ठेवा.

दव गोठेल अशा रात्री पानांवर थेट प्लॅस्टिक टाकू नका. जिथे ते पानाला टेकतं तिथेच पान जळतं. काठ्या रोवून जुनी चादर घाला, कडा जमिनीपर्यंत येऊ द्या, सकाळी काढा. माती कोरडी ठणठणीत असेल तर त्या दिवशी दुपारआधी पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री सोडते.

आता पालापाचोळा. झाडून ढीग करायचा आणि काडी लावायची, हे बघितलं की माझा जीव तुटतो. थंडीत गार हवा जमिनीलगत दबून राहते, धूर वर जातच नाही, शेजारच्या लहान मुलांच्या छातीत जातो. आणि जळतं काय? झाडाने वर्षभर जमिनीतून उचललेलं अन्न. तेच जळल्यावर दोन महिन्यांनी आपण खताच्या पिशव्या आणायला धावतो! वाळकी पानं झाडाच्या बुंध्याभोवती दोन-तीन इंच पसरा. खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर सालीला ओल लागून ती कुजते. रोग पडलेली पानं मात्र यात घेऊ नका.

उरलेली पानं भोकं पाडलेल्या पोत्यात दाबून भरा, पाणी शिंपडा आणि पोतं कोपऱ्यात ठेवून विसरा. दर आठवड्याला "झालं का?" म्हणून उघडून बघणारे मला माहीत आहेत. पानांचं खत व्हायला सहा महिने लागतात, चिवट पानांना वर्ष-दीड वर्ष. ओल तेवढी सुकू देऊ नका. पान ओळखू येईनासं झालं, मुठीत दाबल्यावर स्पंजासारखं ओलसर लागलं आणि जंगलातल्या मातीचा वास आला, की ते कुंडीत घाला.