देखरेखीतल्या भेटीला जाताना

पोरगी पाच वर्षांची असताना कोर्टानं मला तिची भेट दिली ती अशी: पहिला आणि तिसरा शनिवार, दुपारी दोन ते चार, कोर्टाच्याच इमारतीत, समुपदेशक मॅडमसमोर. चूक माझी होती. भांडणाच्या रागात मी तिला अंगणवाडीतून परस्पर गावी आणलं आणि चार दिवस तिच्या मायचा फोन उचलला नाही. माय घाबरली, अन् तिचं घाबरणं खरं होतं. आता आमच्या आर्णी तालुक्यातले ओळखीचे लोक या गोष्टीसाठी माझ्याकडं येतात, म्हणून लिहून राहिलो.

आधी आदेशाची नक्कल काढा आणि स्वतः वाचा. मुलाला कोण आणणार, समोर कोण बसणार, सुट्टी आली तर बदली दिवस कोणता, उन्हाळ्याच्या सुट्टीत भेट कुठं, हे सगळं त्यात असलं पाहिजे. नसेल तर वकिलाला अर्ज करायला लावा. आजीला नातीला पाहायचं असेल तर तिचं नावही घालून मागा. मी आईला तशीच घेऊन गेलो. बिचारी दोन तास बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिली. फोनवर बोलणंही मागता येते. २०२० साली यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं भेटीच्या हक्कासोबत संपर्काचा हक्कही महत्त्वाचा मानला आहे.

वकिलाला पैसे नसतील तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा, नाहीतर १५१०० ला फोन करा. १९८७ च्या कायद्यानं बायांना मोफत वकील मिळतो, त्यांची मिळकत विचारत नाहीत. आपल्यासारख्या बापांना बहुतेक वेळा मिळकतीची मर्यादा लागते, पण विचारायला काय जाते?

आता भेट. पहिल्या दिवशी मी मोठी बाहुली घेऊन गेलो आणि दारातूनच हात पसरले. पोरगी मायच्या पदरामागं लपली ती चार वाजेपर्यंत निघाली नाही. मला वाटलं, हिला शिकवून आणलं. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही खाली बसा. तिला येऊ द्या, तुम्ही जाऊ नका." पुढच्या वेळी शेतातली काळी माती ओल्या फडक्यात बांधून नेली. सतरंजीवर बसलो, तिच्याकडं न पाहता बैल करू लागलो. एक झाला, दुसरा झाला. अर्ध्या तासानं कानाजवळ आवाज आला, "याचं शिंग मोडलं." मी म्हटलं, "मग लावून दे ना माय." तिनं लावलं. त्या दिवशी आम्ही एवढंच बोललो.

म्हणून सांगतो, हातानं करायचं काही न्या. महागाचं खेळणं नको, त्यानं दोन घरांत चढाओढ लागते. आई काय म्हणते, घरी कोण येते, माझ्याकडं राहशील का, यातलं काही विचारू नका. असं विचारून काढलेलं उत्तर आपल्या कामाचं नसते अन् लेकराला मात्र ते रात्री झोपू देत नाही. समोर बसलेल्या मॅडम पहारेकरी नाहीत. पुढं त्यांनीच कोर्टाला लिहून दिलं म्हणून माझी भेट बागेत झाली. फोटो काढायचा तर त्यांना विचारून.

वेळेच्या आधीची एसटी धरा. पऱ्हाटीची वेचणी असो की तुरीची सोंगणी, तारीख चुकवू नका. समोरच्यांनी लेकरू आणलं नाही, तरी चार वाजेपर्यंत थांबा, हजेरीची नोंद करून सही करा, आणि वकिलाकडून त्याच कोर्टात अर्ज द्या. त्यांच्या गावात जाऊन दारात उभं राहू नका. खावटी, म्हणजे पोटगी, तीही थांबवू नका. भेटीचा अन् खावटीचा हिशेब वेगळा आहे.

निघताना रडणं आवरा. दहा मिनिटं आधीच सांगा की आता आवरायचं. पाच वर्षांच्या लेकराला "पुढच्या शनिवारच्या पुढचा शनिवार" कळत नाही. मी चिंचोके पुडीत बांधून द्यायचो: रोज उठली की एक काढून ठेव, पुडी रिकामी झाली की बाबा येतो. चौदा लागतात. महिन्यात पाच शनिवार असले तर तिसऱ्या शनिवारी एकवीस बांधा, मोजून.