साहेबाला ‘नाही’ म्हणायची भीती: दोन देशांत कशी मोजायची?

खेर्त हॉफस्टेड या डच संशोधकाने 1967 ते 1973 दरम्यान आयबीएमच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. कंपनी एक, कामं सारखी. मग उत्तरांत उरणारा फरक बराचसा देशाचा. सत्ता-अंतर, म्हणजे अधिकाराची असमान वाटणी हाताखालचे लोक किती गृहीत धरतात, हा त्यातून निघालेला एक निर्देशांक; आकडा मोठा तितकं अंतर जास्त. (मधली रेघ गाळू नका, सरकार पडेल.) भारताचा 77, जर्मनीचा 35.

स्वतः मोजायचं तर त्यांची 2013ची प्रश्नावली घ्या. आशयाचे प्रश्न 24 आहेत, पण सत्ता-अंतराला चारच लागतात. मान ठेवावा असा वरिष्ठ असणं (प्र. 2) आणि कामाच्या निर्णयात त्याने आपल्याला विचारणं (प्र. 7) किती महत्त्वाचं? इथे 1 म्हणजे अत्यंत महत्त्वाचं. हाताखालचे लोक वरिष्ठाला विरोध करायला किती वेळा घाबरतात (प्र. 20)? 1 म्हणजे कधीच नाही, 5 म्हणजे नेहमी. एकाला दोन वरिष्ठ असणं काहीही करून टाळावं, हे पटतं का (प्र. 23)? 1 म्हणजे पूर्ण पटतं. आकड्यांची दिशा उलटी लागली की सगळं मुसळ केरात.

प्रत्येक देशातून साधारण 50 जण घ्या. 20च्या खाली गेलात तर मोजूच नका. हुद्दा, शिक्षण, वय, स्त्री-पुरुष प्रमाण दोन्हीकडे जुळायलाच हवं. पुण्यातले नवखे प्रोग्रामर आणि श्टुटगार्टमधले मुरलेले इंजिनिअर समोरासमोर ठेवले, तर मोजली जाते ती उमेदवारी, देश नव्हे.

मग प्रत्येक प्रश्नाची देशवार सरासरी काढा:

35 × (प्र. 7 − प्र. 2) + 25 × (प्र. 20 − प्र. 23)

नमुन्यादाखल, काल्पनिक आकडे (सूत्राच्याच क्रमाने: प्र. 7, 2, 20, 23): पुणे 2.1, 1.6, 3.4, 2.5, म्हणजे 17.5 + 22.5 = 40. श्टुटगार्ट 1.8, 1.8, 2.6, 2.7, म्हणजे 0 − 2.5 = −2.5. फरक 42.5. उणे आलं म्हणून दचकू नका. दोन्हीकडे एकच स्थिरांक मिळवला की आकडे वर सरकतात, फरक तेवढाच राहतो. म्हणूनच आपले 40 छापील 77 शेजारी मांडता येत नाहीत.

सर्वांत मोठा घोटाळा वाटपात होतो. प्रश्नावली साहेबाच्या ईमेलवरून गेली, की विसाव्या प्रश्नाला घाबरणाराच ‘कधीच नाही’ लिहितो आणि अंतर कमी दिसतं. निनावी, बाहेरच्या माणसाकडून भरून घ्या. मराठी भाषांतर दुसऱ्याकडून उलट इंग्रजीत करवून तपासा. आणि हा आकडा गटाचा आहे. मुलाखतीला आलेल्या एकट्या उमेदवाराला तो लावू नका.